दिवंगत शिक्षिकेचे खाते बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (संकेतस्थळ विभाग),
अक्षरशिदोरी : महाराष्ट्राबाहेरील मराठी वर्गांसाठी शिक्षक-साहित्य कक्ष,
पुणे.

विषय : कै. वीणा प्रभाकर दाणी (जयपूर) यांचे शिक्षक-खाते ३१ मार्च रोजी बंद न करण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. अशि/खाते/४१७, दि. ३ मार्च २०२५.

महोदय,

अर्जदार वल्लरी दाणी, राहणार आदर्श नगर, जयपूर, ही वरील शिक्षिकेची एकुलती एक मुलगी असून पुढील हकीकत आपल्यापुढे ठेवत आहे.

१. विमा कंपनीत नोकरीला असलेल्या वडिलांची बदली झाल्याने दाणी कुटुंब अमरावतीहून जयपूरला आले व इथलेच झाले. वडील सहा वर्षांपूर्वी वारले. आईने तिलक नगरात बावीस वर्षे दर रविवारी मराठीचा वर्ग चालवला. अलीकडे तो आपल्या संकेतस्थळावरचे पाठ, ऐकायच्या गोष्टी आणि छापून घ्यायचे सरावाचे कागद यांवरच उभा होता. बदलीवर आलेल्या लोकांची पोरे तिच्याकडे मराठी शिकून गेली. घरी मात्र दिव्याखाली अंधार. मुलगी शाळेत मागे पडू नये म्हणून आई तिच्याशी हिंदीतच बोलली. अर्जदाराला मराठी कळते, पण लिहायला बसले की हात थांबतो.

२. आई ११ ऑगस्ट २०२४ रोजी हृदयविकाराने गेली. नियमानुसार ते आपल्याला तेव्हाच कळवायला हवे होते. ते फेब्रुवारीत इथल्या मराठी मंडळातून कुणीतरी कळवले, अर्जदाराने नाही. का नाही, ते पुढे येते.

३. आता वर्ग घेणाऱ्या, रेल्वे वसाहतीतील सौ. गौतमी वाहने नोव्हेंबरात घरी आल्या. मुलांनी सवयीने गृहपाठ आईच्या जुन्याच खात्यावर जमा केला होता आणि तो तपासून परत आला होता. "तुमच्या आईनं माह्या पोरीचा निबंध तपासला जी," एवढे म्हणून त्या रडू लागल्या. निबंधाखाली शेरा होता : ‘काहून येवढी घाई करून राह्यली? शेवट पुन्हा लिही.’ वर्गात असे शेरे फक्त आई द्यायची.

४. अर्जदाराने पासवर्ड तीन वेळा बदलला. आईचा टॅब बंद करून कपाटात कुलपात ठेवला. तरीही दुपारी चारच्या चहानंतर, आई बसायची त्याच वेळी, गृहपाठ तपासून येत राहिले. आपल्या मदतकक्षाने कळवले की संकेतस्थळ स्वतःहून काहीही तपासत नाही, तशी सोयच नाही. शिक्षकालाच लिहावे लागते, आणि नोंदीनुसार लिहिणारा शिक्षक अर्जदाराच्याच घरात बसलेला आहे. त्या घरात अर्जदार एकटी राहते व चार वाजता ती विद्याधर नगरच्या बँकेत कामावर असते.

५. डिसेंबरात अर्जदाराने त्याच वर्गात विद्यार्थी म्हणून नाव घातले. संकेतस्थळावर प्रौढांची सोय नसल्याने वय चौतीसऐवजी सात लिहिले. खोटी माहिती दिल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती मान्य आहे. पहिला निबंध ‘माझी आई’ असा होता, जेमतेम चार ओळींचा. तो परत आला तेव्हा खाली लिहिले होते : ‘हे कोणाच्याही आईला चालून जाईल. माह्याबद्दल लिही.’

अर्जदार बँकेच्या जेवणाच्या खोलीत ते वाचून हमसून हमसून रडली. भीती वाटली नाही असे नाही. त्या दिवशी ती उशिरापर्यंत बँकेतच बसून राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिले. आजवर एकसष्ट गृहपाठ झाले. आई जन्मात मुलीशी जेवढे मराठीत बोलली नाही, तेवढे या साडेतीन महिन्यांत बोलली.

६. खात्यातील साहित्याची प्रत वारसांना मिळेल, असे आपण कळवले आहे. साहित्य घेऊन अर्जदार काय करणार? तिला तपासणारी हवी आहे. खाते सौ. वाहने यांच्या नावे करण्याची सूचनाही उपयोगाची नाही. त्या चांगल्या शिक्षिका आहेत, पण त्या अर्जदाराची आई नाहीत.

७. असा अर्ज मराठीत लिहिण्याची अर्जदाराची ऐपत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. याचा मसुदा काल रीतसर गृहपाठ म्हणून जमा केला होता. चार वाजून दहा मिनिटांनी तो तपासून आला. दुरुस्त्या वर जशाच्या तशा उतरवल्या आहेत. फक्त विनंतीच्या शेवटच्या ओळीवर आईने काट मारली होती व बाजूला लिहिले होते : ‘होऊ दे बंद. आता लिहिता येते तुले. जाय, बाहेर फिरून ये जराशी.’

ही एक दुरुस्ती अर्जदाराला मान्य नाही. खाते बंद करू नये.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
वल्लरी प्रभाकर दाणी
जयपूर, दि. १८ मार्च २०२५

सोबत : मृत्यूचा दाखला, तपासलेले एकसष्ट गृहपाठ, प्रस्तुत अर्जाचा तपासलेला मसुदा (मूळ प्रत परत मिळावी).