विहिणीचे पाय

जे. पी. नगर, बंगळूर
१२ जानेवारी

ती. अक्का,
कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की आमच्या अख्ख्या मजल्याला बातमी कळते. ही बातमी कुणाला कळायला नको आहे.

ईशानचं लग्न ठरलं. मुलगी शमिका, येलहंक्याची. दोघं सर्जापूर रोडला एकाच ऑफिसात आहेत. तिला स्वयंपाक येत नाही, ईशानला येतो, तेव्हा पत्रिका जुळली असं समज. लग्न २३ फेब्रुवारीला.

आता माझे पाय. शाळेत फळ्यासमोर उभी, घरी ओट्यासमोर उभी, त्याचं फळ मिळालं. डॉक्टर हयवदन म्हणाले, व्हेरिकोज व्हेन्स. घोट्याजवळची कातडी काळी पडली आहे, जखम व्हायच्या आत लेसरने त्या शिरा बंद करून घ्या. ‘ईगले माडबेकु अम्मा’, म्हणजे आत्ताच करायला हवं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्या ह्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, की याला मराठीत काय म्हणतात. डॉक्टर बिचारे कन्नडिग. ह्यांनी घरी येऊन कोश काढला, आणि तेव्हापासून माझ्या पायांत ‘अपस्फीत शिरा’ आहेत. पाय दुखतात म्हटलं, तर म्हणतात, ते लक्षण झालं, नाव नव्हे.

बैठकीत शमिकाच्या आईने, मालनबाईंनी, घरात काही आनुवंशिक आहे का म्हणून विचारलं. मी ठासून नाही म्हटलं. आपल्या आईचे पाय डोळ्यांपुढे आले, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही काही नाही, मला आपला पायाला जरा वात आहे.

आणि लग्नात त्या विहिणीचे पाय धुणार! चारचौघांत मला डॉक्टरांनी दिलेले ते घट्ट मोजे उतरवावे लागणार आणि खोटं उघडं पडणार. म्हणून मी पुरोगामी झाले. विहिणीचे पाय धुण्याची चाल आमच्याकडे बंद, असं जाहीर केलं. सगळ्या ग्रुपांवर माझी वाहवा चालली आहे. आमच्या मंडळाचा महिला विभाग माझा सत्कार करणार आहे. सत्काराला उभं राहावं लागेल, हे त्यांना कोण सांगणार?

लेसरचं लग्नानंतर बघू. तोवर तुझा लोभ असू दे, सूज आहेच.
तुझी,
कावेरी

---

निपाणी
२० जानेवारी

चि. सौ. कावेरीस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. पुरोगामी होण्यासाठी तुझ्या पायाच्या नसा फुगाव्या लागल्या, हे आपल्या घराण्याला शोभण्यासारखंच आहे.

आईच्या पोटऱ्यांवरच्या त्या निळ्या गाठी तुला आठवतात ना? आपण लहानपणी त्यांवरून बोट फिरवायचो. तिला दुखत असेल, हे आपल्याला कधी सुचलंच नाही. पुढे घोट्याला जखम झाली ती वर्षानुवर्षं भरली नाही. ती जखम मी धुतली आहे, तू तेव्हा बंगळुरात नवी नवरी होतीस. तुझे पाय धुवायला मी काही येणार नाही. माझ्याच्याने आता वाकवत नाही.

माझं ऐक. लग्नात मोजे काढ आणि सरळ पाय पुढे कर. असल्या पायांवरून मोडणारं लग्न मोडलेलंच बरं. आणि ती मुलगी तुझ्याच घरात येऊन ओट्यापुढे उभी राहणार आहे. तिला तरी खरं कळू दे.

जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांना तुझ्या पायाचं नाव कळलंय, आता पायसुद्धा कळू दे.
आशीर्वाद आहेतच, अक्कलही थोडी पाठवते आहे.
तुझी,
अक्का

---

जे. पी. नगर, बंगळूर
२ फेब्रुवारी

ती. अक्कांस,
अरविंदचा सा. न. वि. वि.

आपलं कावेरीला आलेलं पत्र चुकून मी उघडलं, त्याबद्दल क्षमस्व. शब्दांपलीकडे मी काही वाचलं नाही, निश्चिंत असावं.

शब्दांवरून मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण ‘नसा’ असं लिहिलं आहे. ‘नस’ हा फार सैल शब्द. लोक शिरेला नस म्हणतात, मज्जातंतूला नस म्हणतात, मान अवघडली तरी नसच. हृदयाकडे रक्त परत नेते ती शीर. तिच्या आतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते. ती अपस्फीत शीर. वात तर याहून निराळा, त्याचा इथे संबंधच नाही. या विषयावर परवा आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ‘अपस्फीत शिरा: अर्थ आणि वापर’ असं माझं व्याख्यान झालं. फार रंगलं. कावेरीला ऐकता आलं नाही, कारण चहाचं तिच्याकडे होतं. पण ती मागे उभीच होती.

एक आनंदाची बातमी. शमिकाचे वडील पद्मनाभराव यांचा फोन आला होता. मालनबाई हट्टाला पेटल्या आहेत. एकुलत्या एका मुलीचं लग्न, विहिणीचे पाय धुतले नाहीत तर येलहंक्यात लोक म्हणतील वरपक्ष रुसला. मी तत्काळ होकार देऊन टाकला. कावेरीला सांगितलं तेव्हापासून ती गप्पगप्प आहे. लग्नघाई, दुसरं काय!

लोभ असावा, व शब्द जपून वापरावेत, ही विनंती.
आपला,
अरविंद

---

जे. पी. नगर, बंगळूर
१ मार्च

ती. अक्का,
कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

लग्न झालं. तू आली नाहीस, म्हणून सगळं सांगते.

तुझं ऐकलं. पाय धुण्याआधी वरपक्षाच्या खोलीत जाऊन मोजे काढले आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसले. मालनबाई तांब्या घेऊन आल्या, माझ्या साडीचा काठ जरा वर केला आणि माझा काळा घोटा बघून थांबल्या. मी मान खाली घातली. आता इथेच सगळं संपलं, असं वाटलं.

मग त्या पाटावर बसायला गेल्या. वाकताना त्यांची साडी वर सरकली, आणि अक्का, आत तेच मोजे! तोच रंग, ज्याला दुकानदार कातडीचा म्हणतो आणि जो कुणाच्याच कातडीचा नसतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कुणाला ऐकू जाणार नाही असं त्या म्हणाल्या, ‘मलाही डॉक्टरांनी हेच सांगितलंय हो. पण व्हेरिकोज म्हटलं की आजार वाटतो. वात म्हटलं की घरचंच.’ मग त्यांनी माझे पाय धुतले आणि मऊ पंच्याने खालून वर, अगदी हलक्या हाताने पुसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोवाल्याने ते बरोबर टिपलं.

तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. विहिणीच्या पंगतीला त्यांनी जाहीर केलं, की कावेरीताई सुधारक विचारांच्या आहेत, तेव्हा यापुढे दोन्ही विहिणी बसतील आणि दोन्ही व्याही वाढतील. माझी कीर्ती आधीच एवढी झालेली, की कुणाला नाही म्हणायची सोय राहिली नाही. टाळ्याच पडल्या. हे आणि पद्मनाभराव भात, वरण, परत भात असे वाढत फिरले. शमिकाने आम्हा दोघींच्या मध्ये बसून सगळं ऐकून घेतलं. बुधवारी डॉक्टर हयवदनांकडे तीच आम्हाला गाडीने नेणार आहे. दोघींचे पाय एकाच दिवशी दाखवायचं ठरलं आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर हे दिवाणावर आडवे झाले, उशीवर पाय ठेवून. मी विचारलं, काय होतंय. म्हणाले, ‘पाय दुखतायत गं.’

मी म्हटलं, ते लक्षण झालं. नाव सांगा.

ह्यांनी कोशाकडे पाहिलं नाही. उठून बसले. मग खाली जमिनीवर बसून त्यांनी माझ्या साडीचा काठ बाजूला केला आणि माझे पाय पाहिले. बराच वेळ पाहत होते. मग मला दिवाणावर बसवून आपली उशी माझ्या पायांखाली दिली.

लोभ वाढो, सूज उतरो.
तुझी, हे पत्र पाय वर घेऊन लिहिणारी,
कावेरी