वॉर्डातल्या मुलींचा आकडा

लखनौ, १२ फेब्रुवारी १९८२

तीर्थरूप बाबांस प्रतिमाचा सविनय जयभीम.

प्रथम तथ्ये, क्रमाने. गेल्या वर्षी आमच्या बालशल्य विभागात एकशे बारा मुले दाखल झाली. त्यांत मुली केवळ एकोणतीस. मुलग्यांपैकी सातांतला एक दगावला. मुलींपैकी तिघींतली एक. कारकुनाची चूक समजून मी नोंदवही स्वतः तीनदा तपासली. चूक नव्हती.

सोमवारी अलीगंजच्या एका गृहस्थाने आठ महिन्यांची मुलगी आणली. आतड्यात आतडे शिरलेले, चार दिवस उलट्या. शस्त्रक्रिया निर्दोष झाली; मुलगी गेली. गेल्या वर्षी याच माणसाने मुलाला मात्र पोट दुखताच त्याच संध्याकाळी आणले होते. मी जाब विचारला, तर म्हणाला, "डॉक्टर साहिबा, हमने सोचा, लड़की है, झेल जाएगी." मुलगी आहे, सोसेल, म्हणे. मी त्याला सर्वांदेखत खुनी म्हटले.

घरी आल्यावर माझ्या पाठची कमला आठवली. तीही आठ महिन्यांची असताना अशाच उलट्या होऊन गेली. ईश्वरदादाला साधा ताप आला तरी तुम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात नेत होतात. आणि मला डॉक्टर करण्यासाठी साऱ्या भावकीशी भांडलात, तेही तुम्हीच. या दोन गोष्टी मला कशाही जुळवता येत नाहीत, बाबा.

दमा कसा आहे? स्वेटर पाठवला आहे, तो पेटीत ठेवू नका.

कमलाला किती दिवस घरीच ठेवले होते? सुट्टीत विचारले की तुम्ही विषय बदलता. म्हणून उत्तर लेखीच हवे.

तुमची
प्रतिमा