जनरेटर दबतो तेव्हा

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. दोन गाड्या बदलल्या, शेवटचा टप्पा पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून. जागा झकास. उघडा माळ, वीज नाही, शेजारी नाही, कुणाची कटकट नाही. राहायला लोखंडी कंटेनर, त्यात एक खाट आणि छताजवळ वीतभर जाळी. ही वही मुकादमाने दिली, जनरेटर किती तास चालला ते लिहायला. पुढून ते लिहीन, मागून माझं. शाळेत निबंध म्हटलं की पोटात दुखायचं, इथे कुणी सांगत नाही तर हात थांबत नाही.

काम सोपं. जमिनीत अर्ध्या पुरलेल्या अकरा जुन्या टाक्या आहेत, त्यांची झाकणं वेल्डिंग मारून कायमची बंद करायची. पहिल्या पाच दादाने केल्या. दादा, माझा मोठा भाऊ. महिन्यापूर्वी एका दुपारी इथूनच कुणाला न सांगता गेला तो गेलाच. फोन बंद. वहिनीच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. त्याचा माग लागेल म्हणून मी हेच काम मागून घेतलं. मुकादम म्हणाला, तुमच्या घराण्यात कुणाचा पाय टिकत नाही की काय. मी म्हटलं, माझंच हे चौथं काम. हसला.

४ तारीख

जनरेटरचा स्वभाव कळला. लहानसाच आहे, दोघांनी उचलावा एवढा. आधी पाच मिनिटं नुसता चालू द्यायचा, मग वेल्डिंग मशीन जोडायचं. जाड रॉड लावला की धापा टाकतो, बारीक रॉडवर खूष. केबल लांब झाली की रॉड चिकटतो, म्हणून त्याला टाकीपर्यंत ढकलत न्यावं लागतं. रॉड टेकला की आवाज दबतो, पोतं पाठीवर घेतलेल्या माणसासारखा. रॉड उचलला की मोकळा. डोळे मिटून सांगेन, ठिणगी चालू आहे की नाही.

सहावं झाकण झालं. वेल्डिंगची शिवण सरळ आली. दादाने बघायला हवी होती.

६ तारीख

डोळ्यांवरची वेल्डिंगची काच वर करून घाम पुसत होतो. रॉड कशालाच लागलेला नव्हता. आणि जनरेटर दबला. मोकळा झाला. परत दबला.

टँकरवाला डिझेल घेऊन आला होता, त्याला सांगितलं. म्हणाला, तुझं वेल्डिंग बघून त्याच्या पोटात कळ येत असेल. मग म्हणाला, डिझेलमध्ये पाणी असेल. पण डिझेल तर तोच आणतो.

८ तारीख

आज मोजलं. दबतो, दबतो, थांबतो, मग लांब दबतो. दोन टाके, एक श्वास, एक लांब ओढ.

हा दादाचा हात आहे. बाबांनी आम्हा दोघांना एकाच मशीनवर शिकवलं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण ते म्हणायचे ते कानात आहे, थोरला वेल्डिंग मारत नाही, शिवतो. असा हात दुसरा नाही.

मशीनची वायर काढून ठेवली. तरी दबत होता. मग एकेका झाकणाला हात लावत गेलो. चार थंड. पाचव्याने बोटं भाजली. वरचा रंग फुगून आलाय.

आतून.

९ तारीख

खाटेखाली मागच्या बाजूला दादाची बॅग सापडली. तिच्यात त्याची काच. वेल्डर बायकोला विसरेल, काच नाही विसरणार.

मुकादमाला विचारलं, पाचव्यात काय आहे. चिडला. म्हणाला, हात चालव, कान बंद ठेव. बोलताना माझ्याकडे नाही, जनरेटरकडे बघत होता. संध्याकाळी गाडी काढून गेला.

याने दादाला आत कोंडलंय. महिना झाला, अन्न नाही, पाणी नाही, एवढं मलाही कळतं. पण हात त्याचाच आहे ना.

१० तारीख

हातोडीने झाकणावर तीनदा ठोकलं.

जनरेटर तीनदा दबला.

दादा रे.

उद्या कापतो. मुकादम आला तर आला.

११ तारीख, दुपार

ग्राइंडरने शिवण कापली. पहारीने झाकण सरकवलं.

आत कुणी नाही. टाकी कोरडी. केबल नाही, मशीन नाही. पण भिंती — भिंतीभर शिवणी. वरपासून खालपर्यंत, एकीला लागून दुसरी. सगळ्या एका हाताच्या नाहीत. एक अजून लाल होती —

आणि जनरेटर एकदम मोकळा चालायला लागला. जोखड उतरल्यासारखा.

११, थोड्या वेळाने

फोन वाजला. वहिनीचा नंबर. बोलला दादा.

काल घरी आलाय. जिवंत आहे. महिनाभर भटकत होता, कुठे मशीन सुरू झालं की पळायचा. म्हणाला, पाचवं बंद केलं आणि जनरेटर दबायला लागला. त्याला बाबांचा हात ऐकू आला. बाबांचा! तीन दिवस ऐकलं, चौथ्या दिवशी ग्राइंडर हातात घेतला, मग तो टाकून पळाला.

विचारलं, तू उघडलंस का?

मी हो म्हटलं. मग म्हणाला, आहे तसा नीघ, मी येतो तुला घ्यायला.

जनरेटर बंद केला. डिझेल मातीत ओतलं. फक्त पाकीट घ्यायला कंटेनरमध्ये आलो. तेवढंच —

दार लागलं. बाहेरून.

११

जनरेटर चालू झालाय. त्याची डिझेलची टाकी रिकामी आहे, मीच ओतली —

फटीत निळा उजेड. टाका. टाका.

फोन लागत नाही. ओरडून घसा बसला. जाळीतून हात जातो, डोकं नाही.

दाराचे तीन कोपरे झाले

हा हात दादाचा नाही. बाबांचा नाही. आखडून मारलेला, शेवटाला हिसका. असा मी मारतो. मीच मारतो

दादा, तू येशील. इथे माझा हात ऐकू येईल तुला. तो मी नाही. वही जाळीतून बाहेर टाकतो. काहीही ऐकू आलं तरी उघडू न—