जमिनीकडून येणारा वारा

प्रिय रबियाआपा,

हे पत्र मी रोज टाळतोय. आधी पेन सापडेना. सापडलं ते माझ्या खोलीतल्या फ्रान्सिसचं, त्याच्या हॉस्पिटलचं नाव छापलेलं, ते बघूनच खाली ठेवलं. मग चहा टाकला तर साखर संपलेली, म्हणून खाली बकाल्यात गेलो, तिथे मलबारी दुकानदाराशी क्रिकेटवर वाद घालत बसलो, आणि साखर विसरून वर आलो. शाळेतही मी असाच होतो, प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, आणि अब्बांचा मार मात्र माझ्या वाटचा तू खायचीस.

सोमवारी फोनवर मी तुला म्हणालो ना, इनायतभाई ऑफशोअर ड्यूटीवर गेलेत, तिकडे फोन लागत नाही. ते खोटं होतं, आपा. मला वाटलं तू खोदून विचारशील. तर तू हसलीस! म्हणालीस, अस्सं सांगितलंय होय तुला, बरं बरं, आणि तुला सुके बोंबील हवेत की आमसुलं. त्या हसण्याचा मला अर्थच लागला नाही. दोन्ही पाठव म्हणालो, आणि बाथरूमची कडी लावून नळ सोडून बसलो.

आता सरळ सांगतो. त्यांच्या ऑफिसातला एक गोरा साहेब सुट्टीवर गेलाय, त्याची छोटी शिडाची होडी भाईंच्या हवाली करून. भाई तर लहान मूल झाले होते. मिरकरवाडा बंदरावरच्या माणसाला शीड बांधायला मिळालं, विचार कर. गेल्या जुम्म्याला नमाज झाल्यावर मला म्हणाले, चल रे भटक्या, चार नोकऱ्या सोडल्यास, एक दुपार माझ्याबरोबर टिकून दाखव. लाइफ जॅकेटं दोन होती. एवढ्या उन्हात अंगावर कोण घालणार, म्हणून ती बुडाखाली घेऊन आम्ही बसलो. कुठे चाललोय, हे फ्रान्सिसलासुद्धा सांगितलं नाही. मोबाइल गाडीत.

आत जाताना वारा अगदी मंद होता. मी विचारलं, भाई, फार लांब नाही ना आलो? तर म्हणाले, अरे येताना काय करायचंय, दुपारचा वारा आपोआप घरी आणून सोडतो. आपल्याकडे तसंच आहे ना ग? जेवणवेळ टळली की वारा समुद्रावरून सुटतो, झोपलेल्या माणसालासुद्धा बंदरात नेऊन लावतो. भाईंच्या हाडात तोच वारा होता. माझ्याही. पण इथला आखाती वारा, शमाल, जमिनीकडून येतो, आपा. तो माणसाला घरी आणत नाही, बाहेर नेतो. हे आम्हा दोघांना कळलं तेव्हा किनारा दिसेनासा झाला होता. इथे डोंगर नाही की माड नाही, थोडं आत गेलं की जमीन पाण्याखाली गेल्यासारखी पुसली जाते.

वाऱ्याच्या तोंडावर होडी वळवताना ती कलंडली. डोळे उघडले तेव्हा मी पाण्यात आणि डोलकाठी खाली. एक जॅकेट वाहून गेलं. दुसरं भाईंच्या हाताला लागलं. ते त्यांनी माझ्या गळ्यात घातलं आणि शिव्या देत पट्टे आवळले, कारण मला पोहता येत नाही हे त्यांना ठाऊक. बराच वेळ आम्ही उलट्या होडीच्या पाठीला धरून होतो. ते तुझ्याबद्दलच बोलत होते. माझी हनिया लाटेला भिते का रे, असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, आपण वाहतच चाललोय, मी जाऊन माणसं आणतो, तू होडी सोडायची नाहीस, खलास. मी त्यांचा शर्ट धरला होता. ओला कपडा, सुटला हातातून.

मगरिबच्या सुमारास, दिवस बुडताना, मच्छीमारांच्या लाँचने मला उचललं. कोस्ट गार्डचा माणूस रागावून म्हणाला, उलटलेली होडी लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही, होडी कधी सोडायची नसते. आता मला हे पाठ आहे. कुणाला सांगू?

ते अजून शोधतायत. फ्रान्सिस रोज सगळ्या हॉस्पिटलांना फोन करतो. मी रोज समुद्रावर जातो आणि त्या वाऱ्याला काहीबाही बोलतो. भाई जिवंत आहेत असं मला सकाळी वाटतं, दुपारी वाटत नाही. त्यांनी इथल्या मदिनत खलीफा वस्तीत कुणा मित्राच्या कुटुंबासाठी म्हणून खोली रंगवली होती. फ्रिज चढवायला मीच हात दिला, आणि एक गुलाबी सायकलसुद्धा. चावी त्यांच्या खिशातच राहिली. त्या मित्राला काय सांगायचं, तेही कळत नाही. त्याचं नावच भाईंनी मला सांगितलं नाही.

आज दुपारच्या विमानाने आपल्या गावचा बशीर रत्नागिरीला निघालाय. शनिवारी कंपनी तुला फोन करणार आहे, कुणीतरी इंग्रजीत ‘मिसिंग’ म्हणेल. ते तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून एवढं लिहिलं. बशीर समोर बसून राहील, तू वाचून होईपर्यंत उठणार नाही, तशी शपथ घातलीय त्याला. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. फक्त हनियाला आत पाठवून मग वाच.

तुझाच,
सोहेल

आपा, बशीरची गाडी आली वाटलं म्हणून खिडकीत गेलो. एअरपोर्टची टॅक्सी आहे. ड्रायव्हर डिकीतून दोरीने बांधलेली बॅग काढतोय, आणि हनिया फुटपाथवर उभी राहून वर बघून मला हात करतेय. तू पैसे देतेयस, आणि हसत माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघतेयस. ती सायकल कुणाची, ते मला आत्ता कळलं. तू जिना चढतेयस.