चौदाच्या चौदा बाहेर

७ एप्रिल २०२५, सोमवार

पुन्हा तेच! बयाबाईंची पावलं ३४१२. ललिताताईंचीही ३४१२. शनिवारी दोघींची २९८०. दोन बायका दिवसभर कचरा निवडतात आणि एका पावलाचाही फरक नाही?

या स्मार्ट घड्याळांनी माझी झोप उडवली आहे. डेपोवर कचरा निवडणाऱ्या चौदा जणींच्या मनगटावर एकेक, आणि इथे शिरूरच्या ऑफिसात माझ्यासमोर स्क्रीनवरच्या डेपोच्या नकाशात चौदा हिरवे ठिपके. घड्याळ वीस मिनिटं हललं नाही की ठिपका लाल. लाल झाला की अर्धा खाडा. तो मी ज्ञानेश सरांना कळवायचा. सर म्हणजे ठेकेदार कंपनीचे पुण्याचे साहेब, आवाज न चढवता माणसाला घाम फोडतात. कळवलं नाही आणि त्यांना दुसरीकडून कळलं, तर माझी नोकरी जाणार. रांजणगावची कंपनी सुटल्यावर आठ महिने घरी बसून मिळालेली नोकरी!

८ एप्रिल

डेपोवर जाऊन आले. घड्याळांची चार्जिंग बघायची आहे, असं कारण काढलं. ललिताताईंच्या एका हातात दोन घड्याळं! वर बाही ओढलेली. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

बयाबाई शेडमागे, प्लास्टिकच्या गठ्ठ्यांच्या सावलीत आडव्या झालेल्या. साठीच्या आहेत, शुगर आहे, उन्हात चक्कर येते.

"पोरी, काम न्हाई म्हनत न्हाई मी. पन घटकाभर टेकले की ह्यो मेला लाल व्हतो!"

"तिच्या वाटणीचं मी निवडते, मॅडम," ललिताताई म्हणाल्या. "कामात काय बी कमी न्हाई. सायबाला नका सांगू."

मी 'बरं' म्हणाले. एवढंच.

९ एप्रिल

सरांचा फोन. "सगळं बरोबर ना?" एवढंच विचारलं.

११ एप्रिल

रिपोर्टमध्ये दोघींची नावं एकाखाली एक येत होती. सारखे आकडे डोळ्यांत भरतील म्हणून यादी वयाप्रमाणे लावली. केवढी ही हुशारी! आता मीही त्यांच्यातलीच.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. ललिताताई वाटेत भेटल्या, हातावर बुंदी ठेवली. "तुमच्यामुळं बयाला दम खायला मिळतुया." केवढ्याने बोलतात! आजूबाजूला कोण आहे ते बघण्यातच बुंदी संपली.

१७ एप्रिल, गुरुवार

लिहवत नाहीये. तरी लिहिते.

दुपारी दोनच्या सुमाराला डेपोतल्या ढिगाने पेट घेतला. खिडकीतून धूर दिसला तेव्हा स्क्रीनवर ठिपके फाटकाकडे पळत होते. फाटकावरचे वॉचमन माऊलीमामा, त्यांचा फोन आला. "मॅडम, रांजणगावहून बंब येतुया. आत कुनी ऱ्हायलं का बघा!"

मी मोजले. बारा, तेरा, चौदा.

"चौदाच्या चौदा बाहेर."

फोनमध्ये मागून ललिताताईंचं ओरडणं येत होतं — "बया कुठं हाय? आरं, बया कुठं हाय?"

"पक्कं ना, मॅडम? ही ऐकंना, आत जाते म्हंती. दोघांनी धरलीया."

तेव्हा मला आठवलं. खोटं कशाला लिहू? आठवलं! दोन ठिपके एकावर एक चढलेले समोर दिसत होते. आणि माझ्या खुर्चीमागे सकाळीच पुण्याहून आलेले ज्ञानेश सर उभे होते. मी तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न आला असता — तुला कसं माहीत?

मी म्हणाले, "पक्कं."

चार मिनिटं मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. मग सर कुणाशी तरी बोलायला बाहेर गेले आणि मी माऊलीमामांना फोन लावला. शेडमागे बघा, गठ्ठ्यांच्या मागे! ते म्हणाले, "ललिता हिसडा मारून कवाच आत शिरली."

ललिताताईंनी बयाबाईंना ओढत बाहेर आणलं. ताईंचे दोन्ही हात भाजलेत. बयाबाई शुद्धीत नाहीत, छातीत धूर गेलाय. पुण्याला हलवलं.

१८ एप्रिल

जेवण जात नाही. आबांनी विचारलं तेव्हा अर्धंच सांगितलं — आगीच्या वेळी माझी मोजणी चुकली. माझ्या बापाची अर्धी हयात मेंढरांमागे गेली. म्हणाले, "पाठीवर हात ठेवत मोजायचं असतं, पोरी. लांबनं मोजलं की एखादं ऱ्हातंच."

मोजणी चुकली नव्हती, आबा.

१९ एप्रिल

बयाबाई मशीनवर. त्यांची दौंडची मुलगी म्हाळसा आली आहे, तिचा फोन आला. "मॅडम, आई किती वेळ आत व्हती ते तुमच्या कम्पुटरात दिसंल ना?"

बघते म्हणाले. कम्प्युटरात तिची आई पहिल्याच मिनिटाला फाटकाबाहेर पोचली आणि मग ललिताताईंबरोबर परत आत गेली.

२१ एप्रिल

गुरुवारी चौकशी. सर म्हणाले, दुसरीचं घड्याळ जिने घातलं ती कामावरून जाणार, आणि ज्याला हे माहीत होतं तोही.

रात्री डोळा लागत नाही. लागला तर फोन वाजल्यासारखा होतो. मी सगळं सांगणार आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे माघार घेता येणार नाही. सांगणार आहे.

२३ एप्रिल

बयाबाईंनी डोळे उघडले!! मशीन काढलं. पाणी मागितलं म्हणे, आणि नर्सवर खेकसल्यासुद्धा. ऑफिसच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले. आता उद्या बोलायला जड जाणार नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ललिताताईंच्या हातांना पट्ट्या, म्हणून त्यांचा जबाब लिहायला सरांनी मलाच बसवलं. तुझं अक्षर चांगलं आहे, म्हणाले. ताई माझ्याकडे न बघता सांगत होत्या. "दोन्ही घड्याळं मीच घालत व्हते. कुनाला ठाऊक न्हवतं. मॅडमला तर अजिबात न्हाई."

माझं पेन थांबलं. सर म्हणाले, "लिही."

लिहिलं. 'अजिबात'सुद्धा.