खाट नंबर अकराचं पारायण

सौभाग्यवती रुखमाले मोठी बहीण ताराबाईचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा अन् तुझी सून, दोघंही कुरकुर कमी करोत. इकडे दवाखान्यात सारे मजेत आहेत. (आजारी आहेत, पण मजेत.) तुझ्या भाऊजीच्या हर्नियाले खाट नंबर अकरावर सोळा दिवस झाले. ऑपरेशनवाले डॉक्टर चंद्रपूरवरून मंगळवारी येतात, म्हणजे आले तर मंगळवारीच येतात. फोन केला असता, पण हे फोन उशाले घेऊनच झोपतात, सारं ऐकतात. बाजूच्या खाटेवरच्या इतवारीची बायको तुमच्या वडशाले येऊन राह्यली, तिच्या हाती पत्र देते.

आता आनंदाची गोष्ट. आपल्या प्रणितनं कादंबरी लिहिली. तीनशे पानं, वरच्या पुठ्ठ्यावर रक्त. नातवाचं नाव छापलेलं पाहून माझे पाय जमिनीवर ठरत नाईत. एका दवाखान्यावर संकट येते, त्याची गोष्ट आहे. त्या बिचाऱ्या दवाखान्यात डॉक्टर फक्त नऊच. लाईट जाते तर सारे घाबरून धावतात. (नागपूरले राहून पोरगा फार साधा झाला. इथी लाईट आली की लोक दचकतात.) कोणी सलाईन चोरते तर पोलीस येतात. इथी सलाईन होती, हेच आधी सिद्ध करावं लागेल.

मी चौथी शिकलेली, पुस्तक वाचायची मले एकच रीत ठाऊक, पोथीची. रोज दिवेलागणीले पाय धुवून, पुस्तकाले हळदकुंकू लावून (रक्तावर कुंकू दिसत नाई), बोट ठेवून एक अध्याय मोठ्यानं. सारा वॉर्ड हात जोडून ऐके. खुशबू सिस्टर थर्मामीटर घेऊन आली ते बसलीच. म्हणे, आजी, या दवाखान्यात जागा निघाली तर सांगजा.

पण मागच्या मंगळवारी डॉक्टर खरंच आले. अन् आदल्या दिवशी आम्ही कुठी थांबलो होतो, तर एका म्हाताऱ्याचं पोट उघडलं अन् लाईट गेली, तिथी. त्या म्हाताऱ्याले काय, तर हर्निया. झालं. तुझे भाऊजी खाटेची दांडी धरून बसले.

"पोथी अर्धी टाकून मी उठत नाई. त्याचं काय होते ते पहिले सांग."

डॉक्टरनं समजावलं, आतडं अडकलं तर जीवावर बेतेल. हे म्हणाले, "त्याचा डॉक्टरही असाच गोड बोलत होता."

डॉक्टर गेले. जाताना मले बाजूले घेऊन म्हणाले, बाई, आणखी एक मंगळवार जाऊ देऊ नका.

मग मी एका बैठकीत पारायण संपवलं. म्हातारा वाचला, घरी गेला, झिंग्याची भाजी अन् भात खाल्ला. इतवारीनं नारळ फोडला. हे म्हणाले, "मंगळवारी न्या मले." नातवाच्या पुस्तकानं आजोबाले धीर दिला, अजून काय पाहिजे?

तुझी बहीण,
ताराबाई

ता.क. पुस्तकात म्हातारा मरते. झिंगे माझे.

ता.क. दुसरं. प्रणित रविवारी रेल्वेनं वडशाले उतरून आजोबाले पाहायले येऊन राह्यला. त्याले खोटं बोलता येत नाई. (लेखक कसा झाला, देव जाणे.) मंगळवारपर्यंत त्याले तुझ्याकडंच अडकवजो. वडशाले नाटकं चालू आहेत, दोन-तीन दाखव. नाई मानला तर चपला लपव.

ता.क. तिसरं. पुस्तकाचं शेवटचं पान यासंगं पाठवते. यायले थोडंफार वाचता येते, म्हणून इथी ठेवता येत नाई. तूच चुलीत टाक. नातवाचं लिहिलेलं जाळायले माझा हात उठत नाई.