एकवीस जूनच्या भाषणाची तयारी

२ मे, सकाळी ७
चंद्रकांताला अर्धांगवायूचा झटका येऊन पाच आठवडे झाले. डावा पाय ओढत चालते. व्यायाम करून घेणारी टिफनी भुईगावहून स्कूटीवर येते, आठवड्यातून एकदा. काल बजावून गेली : काका, रोज सकाळी काकींचा हात धरून चालवायचं. पहिले तीन महिनेच महत्त्वाचे, मग पाय ऐकत नाही. मी शब्द दिला. भालचंद्राने शब्द दिला म्हणजे विषय संपला.
तेवढ्यात ज्येष्ठ नागरिक संघाचे बळीराम आले. योगदिनाला व्याख्यान. ‘योग, ध्यान की व्यायाम?’ हा विषय माझीच वाट पाहत होता!

६ मे
अभ्यासाविना कृती हा या समाजाचा जुनाट रोग. आधी तुलना, मग चालणे. ग्रंथालयातून अकरा पुस्तके आणली. चंद्रकांता काठी घेऊन दारात उभी. अहो, त्या फणसापर्यंत तरी नेता का? म्हटले, सोमवारपासून. पद्धतशीर.

१२ मे, सोमवार
ध्यान केले. फार खोल गेलो. घोरत होतात, इति चंद्रकांता. वरवरचे निरीक्षण.
सूर्यनमस्कार : दोन. तिसऱ्यात कंबर.
व्यायामासाठी बूट घेतले. व्याख्यानाला उभे राहायला उत्तम.

२० मे
तालीम सुरू. सकाळचाच तास योग्य, आवाज मोकळा असतो. श्रोत्याशिवाय वक्ता फुलत नाही, म्हणून चंद्रकांताला समोर खुर्चीत बसवतो. आज म्हणाली, चालायचं राहिलं. म्हटले, चालण्याच्या फायद्यांवरच आलोय, मध्येच उठू नकोस. हसली. फायदे तुमच्याकडे, पाय माझ्याकडे, म्हणाली. वाक्य टिपून घेतले. भाषणात वापरतो.

४ जून
टिफनीचा आवाज आज चढला. काका, खरं सांगा, रोज चालवता ना? म्हटले, रोज तासभर तिच्यासोबतच असतो. यात खोटे काय? चंद्रकांता खिडकीबाहेर बघत बसली. साक्ष द्यायला काय हरकत होती?

२१ जून, दुपारी
सारे सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिले! निष्कर्ष ठणकावून सांगितला : तिन्हींहून श्रेष्ठ चालणे, तेही जिवलगाचा हात धरून! दोन बायकांनी डोळे पुसले. बळीराम म्हणाले, वहिनी भाग्यवान.

२३ जून, सकाळी
सोमवार. शब्द पाळला. चंद्रकांताला उभे केले, हात धरला. पाऊल उचललेच नाही. बोटे आत वळलेली, टाच टेकेना.
टिफनी आली. जमिनीवर बसून बराच वेळ तो पाय दाबत राहिली. मग वर न बघता म्हणाली, काकी, आता आपण पलंगावरून खुर्चीत कसं यायचं ते शिकू. चालण्याचा विषयच काढला नाही. मीच काढला. तीन महिने अजून पुरते उलटलेले नाहीत, उद्यापासून दोन तास देतो, लिहून देतो.
चंद्रकांता म्हणाली, असू द्या. बसायची सवय झालीय मला.
रागावून म्हणाली असती, तर मी उत्तर दिले असते.